परिच्छेद सतरा

परिच्छेद सतरावा अजून कोरा आहे.
सोळापर्यंत सगळं आलं:
चोडणचं खाजन, सर्वे नंबर, मानशीची पावणी,
सुंगटांसाठी फळ्या उघड्याच ठेवणारा ठेकेदार,
कोरगुटाच्या शेतात शिरलेलं खारं पाणी,
मामलेदाराची पोच, पोचेवरचा पोचट शिक्का.

सतराव्यात लिहायचं, अकरा वर्षं का लागली.

दुकळेसर म्हणतात, रिटला मुदतीचा कायदा लागत नाही.
कलम दोनशे सव्वीस. दिवाणी प्रक्रिया संहितासुद्धा
दाराशी चपला काढून उभी राहते,
आत येते ती फक्त तिची शिस्त.
मी वहीत टिपून घेते.
मग चष्मा पुसत म्हणतात,
"पण झोपून राहिलात का, हे विचारतातच.
मुदत नाही म्हणजे घड्याळ नाही असं नव्हे.
घड्याळ न्यायाधीशाच्या मनात असतं,
त्याला आकडे नसतात."

उमावतीबाई समोर बसल्यात,
रायबंदरला फेरीबोटीनं उतरून आलेल्या.
कागदांना सुक्या बांगड्याचा वास.
मी विचारते, झोपला होता का हो?
त्या हसत नाहीत.

पहिली तीन वर्षं नवरा बांध घालत होता.
चिखल, पेंढा, परत चिखल.
चौथ्या वर्षी त्याची कंबर गेली, पाचव्या वर्षी तो.
मग कोमुनिदादीची बैठक होणार होती.
मग निवडणूक. मग नवा मामलेदार,
त्याला जुनी फाईल मिळेना.
मग पोरगा बोटीवर गेला,
आणि तलाठी म्हणाला, सहीला घरात पुरुष नाही,
आणि मला ते खरं वाटलं. दोन वर्षं.

"हे लिहू?"
"लिही. खरं वाटलं तेही लिही."

मी लिहिते, खोडते.
'परिस्थितीवशात' हा शब्द बाईंच्या तोंडी बसत नाही.
"नेमकी तारीख सांगा. नुकसान कधी झालं?"

त्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी शोधतात.
"आज पहाटे झालं.
संध्याकाळी परत होईल, साडेपाचच्या सुमाराला.
उद्या पाऊण तास उशिरा."

सर पुसता पुसता थांबतात.
पंखा सोळा पानं फडफडवतो.

बाईंना पावणेपाचची फेरी गाठायचीय.
त्या गेल्यावर मी सतराव्यात लिहिते,
विलंब झाला हे याचिकाकर्तीला मान्य आहे.
भरतीही रोज पाऊण तास उशिरा येते,
तिच्याकडे कुणी खुलासा मागत नाही.

दुसरं वाक्य सर खोडतील.
मी कच्चा मसुदा
घरी घेऊन जाईन.