कानातला खडा

पेरूच्या या किनाऱ्यावर पाऊस पडत नाही,
म्हणून उकिरडाही पाच हजार वर्षं टिकतो:
शिंपले, राख, समुद्रसिंहाची बरगडी,
सुती जाळ्याचं काळं पडलेलं एक घर.

चाळणीपाशी एर्मेलिंदा.
पहाटेपासून अकरापर्यंत ती बाजारात मासे साफ करते,
दुपारी आमच्याकडे, रोजंदारीवर.
पहिल्या दिवशी मी तिला वाटीभर खडे दाखवले,
समजावू लागले: माशाच्या कानात असतात,
तोल सांभाळायला, दर वर्षाला एक कडं
ती हसली. गळ्यातला दोरा वर ओढला.
त्याला तसाच खडा. कोर्बिनाचा.
"डोकेदुखीवर. आजोबांनी दिलेला.
तो मासा माझ्याहून उंच होता.
तेव्हाच्या माझ्याहून."

तळापासून मांडत आलो.
सगळ्यात खाली चिंचोक्याएवढे.
मग हरभरा.
मग जाळ्याची घरं बारीक होत गेली तशी
तुरीची डाळ.
भिंगाखाली कडी मोजायची: अकरा, नऊ, सहा,
तीन.
एकदाही अंडी न घातलेली मासोळी.

त्यावर बोटभर पिवळा गाळ.
शिंपला नाही, राख नाही, चुलीचा दगड नाही.
आणि गाळाच्या वर, अचानक,
पुन्हा चिंचोके.

मी वहीत लिहिलं: वस्तीत खंड, अंदाजे दोन पिढ्या.
एर्मेलिंदाने गाळावर तळवा टेकला,
पोराचा ताप बघावा तसा.
"म्हणजे माणसं मेली, तेव्हा मासे वाढले."
मेली की नदीकाठी गेली, माहीत नाही, मी म्हणाले.
"समुद्राला काय फरक पडतो?"

मग मीच सांगून बसले:
आमच्या भाषेत चुकलेला माणूस
कानाला खडा लावतो.
पुन्हा नाही म्हणून.
"लावला का त्यांनी?"
मी वरचे थर पाहिले.
चिंचोका, हरभरा,
तुरीची डाळ.
उत्तर दिलं नाही; तिलाही दिसत होतंच.

दुसऱ्या दिवशी तिने कागदाची पुडी आणली,
रांगेच्या शेवटी ठेवले दोन खडे,
अजून ओले, मसुरीएवढे.
कुणी सांगितलं नव्हतं.
मग पिशवी माझ्यापुढे सरकवली:
"डोकं घेऊन जा, रस्सा कर.
कान मी काढून घेतलेत."