लख्ख

आधी गादीघरातच बसलो.
चारी भिंतींना कापसाचे गठ्ठे,
वाटलं, वसमत रोडचे ट्रक आत यायचे नाहीत.
आले नाहीत.
पण गिटारही तिथंच बसली मुकी.
छेडलं की सूर दोन हात जायचा
आणि उशीत तोंड खुपसून निजायचा.

मला हवा होता
घासून उन्हात पालथ्या घातलेल्या
पितळी ताटांसारखा आवाज.
विश्वंभर गातो मऊ.
मऊवर मऊ घातलं की गादी होते.
हे मला तरी कळायला पाहिजे होतं,
नदाफाचा पोरगा मी.

मग स्वयंपाकघर.
खाली शहाबादी फरशी, वर पत्रा,
मध्ये मी, पाटावर.
तारा नव्या, नांदेडहून मागवलेल्या.
पिक म्हणजे बंद पडलेल्या एटीएम कार्डाचा कोपरा,
कात्रीनं गोल केलेला, पातळ,
तारांवरून जाताना त्याची टिकटिक होते
तीही हवीच.
फोन उभा केला पोळपाटाला टेकवून,
गिटारच्या पोटासमोर धरला तर नुसती गुरगुर,
म्हणून मानेकडे, बाराव्या पट्टीच्या जरा अलीकडे,
एक वीत, चार बोटं.

फ्रिजचा प्लग काढला.
घड्याळ नेऊन गाद्यांच्या थप्पीत पुरलं.
कूलर बंद.
मे महिन्यातली परभणी, रात्रीचे साडेअकरा,
कोपरातून घाम फरशीवर.
मुबीना आतून ओरडली,
"किती वेळ रे? मी मरायले इथं."

पहिल्या टेकला कुत्रं.
दुसऱ्याला कदमांच्या गच्चीवरची टाकी भरून वाहिली.
तिसरा चांगला होता, मीच मोजताना चुकलो.
चौथ्याला मनगट आखडलं,
पाचव्याचं काय झालं ते आठवत नाही.

सहावा चालला होता छान.
खाली, खाली, वर, वर, खाली, वर,
सूर फरशीवर आपटून पत्र्याला लागत होते,
डबे किंचित वाजत होते मांडणीवर,
आणि दारातून अब्बा:
"तिसरी उतरली."

अब्बांना गिटार येत नाही.
सूर म्हणजे काय विचाराल तर हसतील.
पण वीस वर्षं खांद्यावर पिंजण घेऊन
जिंतूर, सेलू, मानवत,
गल्लोगल्ली तात वाजवत फिरले.
कापूस गाठीचा असला की ती ठण् म्हणते,
मोकळा झाला की झुंईऽऽ,
मग हात थांबवायचा, नाहीतर रुई जळते, म्हणायचे.
मशीन आलं, पिंजण माळ्यावर गेली.
कान कुठं ठेवणार माळ्यावर.

ट्यूनर लावला.
तिसरीच. केसभर.
नवी तार, हा उकाडा, ताणते ती.

परत बसलो.
ते गेले नाहीत,
उंबऱ्यावरच टेकले
बनियन वर करून पोटाला वर्तमानपत्रानं वारा घेत,
मग लक्षात आलं तसं वर्तमानपत्रही खाली ठेवलं.
सातवा टेक.

सकाळी विश्वंभरचा फोन.
"कुठं केलंस? औरंगाबादला गेलतास का?"
म्हटलं, ओट्यासमोर.
"लख्ख आलंय. फक्त शेवटी कुणी तरी
'हां' म्हणायलंय बघ. तेवढं काप."

कापता येतं. अर्धा सेकंद आहे.
शेवटचा झंकार विरत जातो,
पत्र्यावर थोडा रेंगाळतो,
आणि त्याच्या शेपटालाच चिकटून तो हां,
हात थांबव म्हणावं तसा.
तिथं कात्री लावली की शेपूटही जातं.

कूलर सुरू केलाय आता.
फ्रिजचा प्लग राहिलाच होता, दूध नासलं,
अम्मी बोलतेय अजून.
फाइल उघडीच आहे.