काळी तीन

पार्सल आलं तेव्हा मी नुकतीच कामावरून उतरले होते,
रोपवेचं ग्रीस नखांत तसंच.
दुहेरी रेकॉर्ड, सोनेरी कडा, आत जाड पुस्तिका,
आणि पुस्तिकेत ट्रुल्स,
चुन्यासारखा पांढरा, कुठल्यातरी किल्ल्यापुढे.
किल्ला कुठला कोण जाणे.
आमच्या रिउकानमध्ये किल्ले नव्हते.
खताचा कारखाना होता,
आणि डोंगर, जो सप्टेंबरअखेर ऊन काढून घ्यायचा
ते मार्चात परत द्यायचा, तेही मोजूनमापून.

पंचाण्णव साली त्या सावलीत आम्ही चौघं
आस्लाउग मावशीच्या प्रार्थनाघराच्या तळघरात.
मुलांच्या भजनांसाठी हवाय म्हणून
तिचा की-बोर्ड मागून आणला, आणि त्यावर
नरकाची सातही दारं उघडली.
रेकॉर्डवर माझं नाव निद्राग होतं.
चिलीतून, जपानातून पत्रं यायची,
'महाराज निद्राग यांस', आणि वरून मावशी ओरडायची,
ग्यूरो, बटाटे सोलायचेत.

त्या की-बोर्डची काळी तीन मेलेली होती.
दाबली की नुसतं टक्.
ट्रुल्सची धून नेमकी तिच्यावरून जायची,
दर खेपेला पायरी चुकल्यासारखी,
पोटात खड्डा, मग पुढचा स्वर.
पैसे नव्हते. तसंच रेकॉर्ड केलं.
लोकांनी त्या टक्‌वर पानंच्या पानं लिहिली.
एकाने तर तिथे मृत्यूचा श्वास ऐकला.
आम्ही खूप हसलो.
एकट्याने ऐकताना मात्र मी हसत नव्हते.

आता साठ वादक, प्रागमधले,
साठ खुर्च्या, वर गायकवृंद,
सगळं पाकात बुडवून काढल्यासारखं चकचकीत.
ड्रम तर असे, की कुणाचा घाम त्यांना लागलाच नाही.
पहिली बाजू संपली. मी चहा ठेवला.
तिसऱ्या बाजूला ती जुनी धून आली,
नव्या कपड्यांत, लग्नाला निघालेल्या काकासारखी,
आणि मी पायरीसाठी पाय उचलला.

पायरी होती.
कुणीतरी तिथे हार्प वाजवली होती.
अगदी बरोबर स्वर. जो तिथे असायला हवा होता, तोच.

एलिफ दारात उभा राहून ऐकत होता. सतरा वर्षांचा.
म्हणाला, आई, भारी आहे की. काय वाईट आहे?
काय सांगणार. काहीच वाईट नव्हतं.

उजेडाशी माझं वैर नाही.
आता डोंगरावर आरसे बसवलेत,
हिवाळ्यात चौकात सतरंजीएवढं ऊन पडतं,
म्हातारी माणसं त्यात खुर्च्या सरकवत बसतात,
सुट्टीच्या दिवशी मीही बसते.
की-बोर्डही मीच टाकून दिला, नऊ साली,
कचरा डेपोवर, वर शंभर क्रोनर भरून.
तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं.

रात्री ट्रुल्सचा फोन. ऐकलंस?
ऐकलं.
हार्प?
हो.
बघ ना, म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम
तळघरातला झाला, विशीतला, सर्दी झालेला,
इतकी वर्षं ती जागा मला खुपत होती.
कुठेही वाजवलं की वाटायचं, आता कुणीतरी उठून म्हणेल,
यांच्याकडे धड की-बोर्डसुद्धा नव्हता.
शेवटी भरली.

मी म्हटलं, भरली.

मग तो काही बोलला नाही. मीही नाही.
फ्रिज घरघरत होता.
तिकडे त्याच्या घरात कुणीतरी कपाट बंद केलं, टक्,
आणि तो म्हणाला,
तुमच्याकडे बर्फ पडला का गं?