रकाना पाचवा

चष्मा कपाळावर सारून
ग्रंथपाल पारिसा मगदूम विचारतात,
"ही कुठं लावू?"
रजिस्टरात पाचवा रकाना: प्रकार.
त्यात सहा शब्दांची सोय आहे, सातव्याची नाही.

मी परवाच संपवलेली कादंबरी त्यांच्या हातात.
पहिल्या पानावर खून.
चाळिसाव्यावर खून झालेलीच बाई पोह्यांना फोडणी देते.
पुढं तीन प्रकरणं नुसते कोर्टाचे कागद,
मग एक विहीर बोलायला लागते
आणि शेवटी शंभर वर्षांनंतरचं मिरज,
तिथं पाणी रेशनकार्डावर.
"रहस्य लिहू, की भुताची?"
मी म्हटलं, थांबा. मला तरी कुठं कळलंय.

वीस वर्षं मार्केट यार्डात, अडतीवर
मी हळदीचे नमुने बघते.
हळकुंड मोडताना आवाज होतो,
त्यावरून सांगते किती वाळलंय.
गट्टू वेगळा, कणी वेगळी, पोतं वेगळं, दर वेगळा.
दिवसभर असं निवडून निवडून
संध्याकाळी वाचायला मला ते लागतं
जे निवडताच येत नाही.

तरी मी भोळी नाही.
मिसळ आणि भेसळ, शेपूट दोघींचं एकच.
पूड पाण्यात टाकून बघावी:
खरी गुमान तळाला बसते,
रंगवलेली ग्लासभर पिवळं करून दाखवते.
गेल्या दिवाळीतल्या एका जाडजूड प्रेमकथेत
मध्येच एक यंत्रमानव आला.
का आला ते त्याला ठाऊक नव्हतं,
लेखकालाही नसावं.
मलपृष्ठावर मात्र छापलेलं: धाडसी.
दुसरीत इतिहास होता, पण पाहुण्यासारखा.
चहा घेतला, घड्याळ बघितलं, निघाला.
आणि भूत आणायचंच असेल
तर त्याला चार कामं द्या हो.
त्याची कुणाकडं उधारी असू दे, गुडघा दुखू दे,
नुसतं पडद्यामागं उभं राहायला
आमच्या अडतीवर पण कुणाला पगार मिळत नाही.

शमशादला ही पारख मान्य नाही.
ती मिरजेची, सतारी करणाऱ्यांच्या घरातली.
म्हणते, भोपळा मंगळवेढ्याकडचा,
लाकूड तुणीचं, घोडी हाडाची,
तार कुठून येते ते अब्बांना माहीत.
कोण विचारतं गं? वाजतंय का ते सांग.
मी म्हटलं, पण जोड दिसला तर?
"जोड असणारच.
तिथंच तर सरस लागतो."
बसमध्ये सांगलीपर्यंत मी तो शब्द
एकदा असा, एकदा तसा वाचत आले.

महापुराच्या साली वाचनालयाचे खालचे दोन कप्पे गेले.
गच्चीत वाळत घातलेल्या पुस्तकांत एक जोडी निघाली,
एक शिकारीची, एक लग्नाची,
एकमेकींना अशी चिकटलेली की सोडवता फाटतील.
मगदुमांनी ती रद्दीत दिली नाही.
जेवढी उघडते तेवढी मी वाचली:
नवरी बोहल्याकडं निघालेली
आणि उरलेल्या अर्ध्या ओळीत
वाघ पाणी पितोय.
कृष्णेनं जुळवलेलं ते.
त्याला कुणी धाडसी म्हटलं नाही.

मगदूम अजून पेन धरून उभे.
खाली गणपती पेठेत शटरं पडू लागलेली.
"मग? काय लिहू?"
मी म्हटलं, विहीर खरी आहे.
बाईची फोडणी पण खरी.
मिरज जरा घाईत उरकलंय,
तिथं लेखिकेला पुस्तक संपवायची घाई झाली, मला कळतं ते,
तोलार दुपारी चारनंतर करतात तसं.
रकाना राहू दे. आणि पुस्तक पण द्या आठवडाभर,
विहिरीचं प्रकरण शमशादला वाचून दाखवायचंय.

त्यांनी पानं चाळली, एकशेबारावर थांबले.
समासात अंगठ्याचा पिवळा ठसा,
रेघान् रेघ उमटलेली.
"हा तुमचाच ना?"
नाही म्हणून उपयोग नव्हता.