पाणी वाहतंय का

पंप चालू आहे म्हणजे पाणी वाहतंय, असं नाही.
हे मी इरण्णाला तिसऱ्यांदा सांगतो.
तो स्टुलावर, ओठांत स्क्रू,
मान हलवतो. ऐकलं असेलच असं नाही.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, टॉवेलचा कारखाना.
एप्रिल. पत्र्याखाली दुपारी दोनला
पक्कडसुद्धा हातात धरवत नाही.
आणि समोर हे निळं धूड,
बॉयलरची वाफ पिऊन गार पाणी देणारं.
"जाळातनं गार कसं काय निघतं, अण्णा?"
आत हवा नसते, मी म्हणतो. हवा काढून घेतली
की पाणी पाच अंशालाच उकळतं,
आणि कसल्याशा मिठाचा पाक
ती वाफ पीत बसतो.
एवढंच मला माहीत. पुढचं पुण्याच्या इंजिनिअरला.
माझं काम पाइपाच्या बाहेरचं.

बाहेरचं, म्हणजे जवळजवळ.
फ्लो स्विचची एक पट्टी आत असते,
बोटाएवढी, स्टीलची, पाण्याला आडवी.
पाणी आलं की झुकते,
झुकली की वर डबीत टिक,
आणि पॅनलला कळतं: आहे, वाहतंय.
कॉमनला तेवीस नंबर, एनओला चोवीस,
एनसी मोकळी सोड, बाण पाण्याच्या दिशेनं.
आधी गार पाण्याचा पंप, मग टॉवरचा,
दहा सेकंद थांब,
दोन्ही पट्ट्या हो म्हणाल्या तरच वाफेचा व्हॉल्व्ह.
नाहीतर थांबलेलं पाणी नळीतच गोठतं
आणि नळ्या फुटतात.
सोलापुरात. एप्रिलात. बर्फानं.
इरण्णा हसतो, स्क्रू पडतो, शोधत बसतो.

वडिलांना आम्ही नायना म्हणायचो.
नायनाच्या मागाला एक काटा होता,
धोटा गेला की आडवा धागा चाचपायचा:
आहे का? आहे. आहे का? आहे.
नसला की माग जागच्या जागी उभा.
मजुरी मीटरवर. उभं राहणं परवडायचं नाही.
एका दिवाळीआधी त्यानं काटा सुतळीनं बांधून टाकला.
माग रात्रभर चालला,
काय सुरेख झोप लागली होती त्या आवाजात.
सकाळी चादरीत हातभर पट्टा
नुसत्या उभ्या धाग्यांचा, पलीकडची भिंत दिसणारा.
ती विकली गेली नाही.
अजून शेंगा वाळत घालतो तिच्यावर.

नवा स्विच बसवायचा म्हणून
जुन्या डबीचं झाकण उघडलं,
तर तेवीस आणि चोवीसमध्ये वायरचा तुकडा.
लाल. दीडची.
टोकं उलटी पिळलेली, डावऱ्या हातानं.
"कुणी लावलं बे हे!" इरण्णा, स्वतःशीच.

मी पक्कड डाव्या हातातून उजव्या हातात घेतली.

दोन वर्षांपूर्वीची मे महिन्यातली रात्र.
क्षारानं पट्टी अडकायची, मशीन सारखं ट्रिप.
शेठचा मुलगा कानाला फोन लावून उभा:
सकाळपर्यंत चालव, मग बघू.
सकाळी आमच्या पेठेत पाण्याचा दिवस होता,
चार दिवसांनी नळ येणार होता,
मी पिंपं भरायला पळालो.
मग बघायचं राहिलं.

काही झालं नाही. दोन वर्षं
पॅनलला वाटत होतं वाहतंय,
कारण तसं मी त्याला सांगितलं होतं.

तुकडा काढला, खिशात टाकला.
नवा स्विच जोडला, मशीन चढवलं,
आणि इरण्णाला म्हटलं, आता व्हॉल्व्ह आवळ.
पंप घुमतच राहिला. पाणी थांबलं.
टिक.
वाफ तुटली.

"बंद झालं ना? मग आतनं अजून आवाज कसा?"
आतले पंप चालू ठेवतं ते. पाक पातळ करून घेतं,
नाहीतर मीठ आतच दगड होऊन बसतं.
"किती वेळ?"
पंधरा मिनिटं.
त्यानं स्टूल ओढलं, खिशाकडे बघितलं,
मग परत विचारलं, ते कुणी लावलं होतं.
बस, म्हटलं. सांगतो.