मर्यादा

वेंगुर्ला बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
माझी खोली. खाली कॉम्प्रेसर सुरू झाला
की टेबलावरचा चहा थरथरतो, शब्दही थोडे सरकतात.
इथे बसून मी अशा वाचकासाठी लिहितो
जो डोळे चोळत नाही, पान मुडपून ठेवत नाही,
‘हे कळलं नाही’ असं सहसा म्हणतच नाही.

रांगेत_टाक : मजकूर, फोटो आणि वेळ द्यावी.
वेळ दिली नाही तर पुढची मोकळी जागा धरली जाईल.
रांग_दाखव : काय काय थांबलंय ते सांगते.
मागे_घे : निघून गेलेलं परत आणत नाही.
हे शेवटचं मी तीनदा खोडलं, तीनदा तसंच लिहिलं.

एजंट हे वाचतो आणि कामाला लागतो.
चाचणीसाठी आम्ही हेमांगी कुबलचं खातं घेतलं होतं.
सुके बांगडे, सोडे, गोलमा, मिळेल तेव्हा ताजं म्हावरं.
पासवर्ड तिने आगपेटीच्या पाठीवर लिहून दिला,
वर विचारलं, ‘पैशे पडुचे नाय मां?’

पंधरा दिवस सुरळीत. तिची बोली एजंटाला
माझ्याआधी आली. मी सुरमई लिहायचो, तो इसवण.
शुक्रवारी बांगड्याचं तिखलं, रविवारी तिसऱ्या,
लाइक मोजून मी कोष्टकात भरत होतो.

दिवाळी उलटल्यावरच्या मंगळवारी
बंदर खात्याच्या काठीवर तीन नंबरचा बावटा चढला.
होड्या वाळूत ओढल्या, नाळी माडांकडे करून.
जाळी झाकून माणसं पत्ते कुटायला बसली.
आणि सकाळी बरोबर आठ वाजता
रांगेतली पुढची मोकळी जागा उघडली:
‘ताजी इसवण इली! येवा, बेगीन येवा!’

कुडाळहून दोन गाड्या आल्या. सावंतवाडीचे एक मास्तर
स्कूटरवरून, पिशवी घडी करून खिशात.
हेमांगी रिकाम्या पाटीपाशी उभी राहून
एकेकाला समुद्र दाखवत होती, पावती दाखवावी तसा.

मला वाटलं शिव्या घालेल. जिना चढून आली,
स्क्रीनकडे पाहिलं, मग खिडकीकडे.
‘ह्येका बावटो कोणी दाखवलो नाय?’

नाही दाखवला. अकरा पानं लिहिली होती मी.
अक्षरं किती, फोटो केवढा, चुकांचे क्रमांक:
चारशे एकोणतीस म्हणजे जरा दम धर,
चारशे एक म्हणजे तू कोण.
वाऱ्याला क्रमांक नव्हता.

त्या रात्री वीज नव्हती, लॅपटॉपमध्ये एकोणीस टक्के.
‘मर्यादा’ या मथळ्याखाली नुसता मथळाच होता.
तिथे लिहिलं: हे साधन वेळ जाणते.
होडी गेली की नाही, हे जाणत नाही.
मजकुरात ‘ताजे’ असेल तर आधी माणसाला विचारावे
आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

पुण्यात बसून तपासणाऱ्या निनादने
‘ताजे’ची व्याख्या मागितली.
हेमांगीला विचारलं तर ती हसत सुटली,
‘ताजा ता नाकाक कळता.’
व्याख्येची जागा रिकामी ठेवली आहे.

गुरुवारी रांग उघडून पाहिली.
एक मजकूर थांबलेला. स्थिती : प्रलंबित.
कारण : बावटा उतरला का, कळले नाही.
त्याखाली हेमांगीचं उत्तर, जेटीवरून पाठवलेलं,
चौदा सेकंदांचा आवाज. त्यात ती बोलतच नाही.
नुसता वारा, आणि काठीवर दोरी
अधूनमधून आपटते आहे, पूर्वीपेक्षा हळू.

त्या रकान्यात हो किंवा नाही, एवढीच सोय आहे.
एजंट थांबून आहे. मीही.
असं उत्तर आलं तर काय समजावं
हे आता लिहायला हवं, आणि मला ते येत नाही.

खाली गाडी लागली आहे.
कोणीतरी बर्फ मागवलाय,
लाद्या मोजण्याचा आवाज जिन्यातून वर येतो,
सव्वीस, सत्तावीस.