शहाऐंशी पूर्णांक आठ

शनिवारी अंबडला सुट्टी.
गाळ्यांची शटर्स खाली, टपरी बंद,
सातपूरची टेस्टिंग लॅबही बंद,
आणि आमच्या टेबलावर
चिठ्ठी गळून पडलेला एक ठोकळा.
शुद्ध धातू, एवढंच चलनावर लिहिलेलं.
लोखंड की निकेल?
चुंबकाला दोघंही चिकटतात.

पाळदेमामा म्हणाले, लॅब कशाला?
मशीन आहे, काटा आहे, भिंतीवर घड्याळ आहे.
त्यालाच विचार, तुझा अणुभार किती.

आधी वजन. चौदाशे बारा पूर्णांक सहा.
मग ठोकळा धन टोकाला बांधला,
ऋण टोकाला तांब्याचं हत्यार,
मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट
आणि तिच्यातून धावणारं मिठाचं पाणी.
पाचशे अँपिअर, दहा मिनिटं.

ठिणगी नाही, किस नाही, घासल्याचा वास नाही.
पंपाची घरघर तेवढी.
मी घड्याळाकडे बघत उभी,
आणि समोर ते कठीण काहीतरी
अणूअणूनं पाण्यात उतरून चाललेलं.
प्रत्येक अणू जाताना इलेक्ट्रॉन मागे ठेवतो,
भाडेकरूनं खोली सोडताना किल्ल्या ठेवाव्यात तसे.
एकेकानं किती किल्ल्या ठेवल्या
हे मात्र अँपमीटर सांगत नाही.

पुसला, वाळवला, पुन्हा काट्यावर ठेवला.
तेराशे पंचवीस पूर्णांक आठ.
गेलं ते शहाऐंशी पूर्णांक आठ ग्रॅम.
सहाशे सेकंद गुणिले पाचशे, तीन लाख कूलोम.
भागिले शहाण्णव हजार पाचशे.
टाकीतला गाळ तांबूस दिसत होता, गंजासारखा,
म्हणून संयुजा मी बेधडक तीन धरली.

उत्तर आलं त्र्याऐंशी पूर्णांक आठ.
तक्त्यात बोट फिरवत गेले
आणि थांबले क्रिप्टॉनवर.
मामांनी चष्मा कपाळावर सरकवला:
वायूचा ठोकळा कापत बसलीस होय गं वृंदा?

मग हसू आवरत म्हणाले,
टाकीत पडून, हवा खाऊन गंजलेल्याला काय विचारतेस?
फटीतून निघतानाचा रंग बघ.
मी नळी काचेच्या ग्लासात धरली.
हिरवट. चिखलातल्या शेवाळासारखं हिरवट.
म्हणजे दोन किल्ल्या.
तिसरी त्यानं नंतर, वाटेत कुठेतरी टाकली.

पंचावन्न पूर्णांक चौऱ्याऐंशी.
लोखंड.

मला नाचावंसं वाटलं. मामांना नाही.
एवढं जुळलं की मला भीती वाटते, म्हणाले,
परत लाव.
थर्मासमधला शेवटचा चहा संपेपर्यंत परत लावलं.
या वेळी पंचावन्न पूर्णांक एक.
हं, आता खरं वाटतंय,
म्हणून त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

मी हत्यारही तोलून पाहिलं.
दोन खेपा झाल्या, तांबं होतं तेवढंच.

तांबट आळीत आमचे दादा
गिऱ्हाइकाची मोड तोलून घ्यायचे,
ठोकायचे, आटवायचे, नवा हंडा तोलून द्यायचे,
आणि वहीत एक रकाना असायचा, घट.
घट चालते, म्हणायचे,
पण ती कुठे गेली ते सांगता आलं पाहिजे.

रात्री पाथर्डी फाट्यावरून फोन केला.
चाळीस वर्षं हातोडा ऐकून कान गेलेत,
फोनवर ओरडावं लागतं.
दादा, पाण्यानं लोखंड कापलं! तोललं! ओळखलं!
पलीकडे थोडा वेळ काही नाही.
मग:
घट किती?
पाऊण! मी ओरडले. रिक्षावाल्यानं वळून पाहिलं.
कुठे गेली?

काही वीज प्राणवायू करण्यात वाया गेली असेल,
काही गळती, काही काट्याची खोड,
हे सगळं त्या ट्रकच्या आवाजात
कसं ओरडून सांगायचं, याचा विचार करत
मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले.